तंबूला कुलूप

आमच्या घराच्या दाराला सहा कुलपं आहेत. आत सोनंनाणं काही नाही. एक जुना फ्रीज आहे, एक डुगडुगणारं टेबल आहे, आणि रात्री मी असते. मला पळवून नेणारा चोर दुसऱ्या दिवशी आपणहून परत आणून सोडेल, असं आमचे हे चारचौघांत सांगतात. तरीही कुलपं सहा, कारण आमचे हे कुलूप-किल्लीवाले. खाली दुकान, वर घर. दुकानात मी गल्ल्यावर बसते आणि हे मशीनवर किल्ल्या घासतात.

ह्यांच्या मते जगात माणसं दोनच प्रकारची असतात. एक, ज्यांची किल्ली हरवली आहे आणि दुसरी, ज्यांची हरवायची आहे. उभा जन्म काउंटरपलीकडे रडवेली तोंडं बघितल्यावर माणसाचं असं होत असेल. गिऱ्हाईक आलं की हे आधी चष्मा वर करतात आणि विचारतात, "हरवते कशी?" त्या बिचाऱ्याला ते माहीत असतं तर तो कशाला आला असता! पण ह्यांना उत्तर लागतं. गिऱ्हाईक मान खाली घालून शाळेतल्यासारखं उभं राहतं, मग हे समाधानाने मशीन चालू करतात.

साहजिकच घराच्या किल्ल्यांचा जुडगा एकच. तो ह्यांच्या पट्ट्याला साखळीने बांधलेला. मुलाला किल्ली नाही आणि मलाही नाही. माझं कधी अडलं नाही, कारण जिथे हे तिथे मी, याला लोक प्रेम म्हणतात. अडलं ते सूनबाई आल्यावर.

सून नर्स आहे. ड्यूटी संपवून ती दमून येते आणि दुकानासमोर उभी राहते. हे गिऱ्हाइकांत असतात. ती म्हणते, "बाबा, वर जायचंय." हे म्हणतात, "रांग आहे." खरंच सांगते, सून रांगेत उभी राहते! तिचा नंबर आला की हे हात पुसतात, तिच्याबरोबर जिना चढतात, सहा कुलपं उघडतात आणि खाली येतात. तिला पुन्हा कोपऱ्यावर भाजी आणायला जायचं असेल, तर पुन्हा रांग.

मी ह्यांना कितीदा सांगितलं, "अहो, सगळ्या वॉर्डाच्या औषधांच्या कपाटाची किल्ली तिच्याकडे असते. ती सेफ्टी पिनने आतल्या खिशाला लावून ठेवते. आजवर हरवली नाही."

"ते कपाट हॉस्पिटलचं आहे," हे म्हणाले. "हे घर आपलं आहे."

"आणि ती कुणाची आहे?"

यावर ह्यांनी मशीन चालू केलं. आमच्या घरात वाद मशीनने संपतो.

मग एके दिवशी भांडी आवरताना सूनबाईने मला सांगितलं की त्या दोघांनी वेगळं घर बघितलं आहे. सोमवारी घरमालकाला होकार कळवायचा आहे. रागाने सांगितलं असतं तर मी चार शब्द सुनावले असते. पण ती अगदी शांतपणे म्हणाली, "आई, मला तुमचा दोघांचा कसलाच जाच नाही. फक्त मला एकदा बाहेरून येऊन माझ्या घराचं दार उघडायचंय." माझ्या हातातली बशी तशीच राहिली. मुलगा गेला, सून गेली की त्या घरात मी, हे आणि सहा कुलपं. मला धडकीच भरली.

"बाबांना मीच सांगेन," ती म्हणाली. "पण इथे नको. इथे ते मशीन चालू करतात. डोंगरावर जाऊ, तंबूत राहू. तिथे ना मशीन, ना दार."

तर असं आमचं तंबूत राहायला जाणं ठरलं. ह्यांना अर्थात यातलं काही माहीत नव्हतं. ह्यांना एवढंच सांगितलं की हवा चांगली आहे. सुनेने ह्यांच्याकडून एकच वचन घेतलं, की हत्यारांची पिशवी घ्यायची नाही. मुलाने ह्यांना गुळगुळीत कापडाची नवी खेळाडूंची पँट आणली. तिला पट्टा नाही, म्हणून साखळीही नाही. घराचा जुडगा गाडीच्या कप्प्यात कुलूप लावून ठेवावा लागला. हे वाटभर कमरेला हात लावून चाचपत होते. दात पडलेल्या जागी जीभ जाते ना, तसं.

जागा मात्र दृष्ट लागण्यासारखी. उंच उंच झाडं, खाली वाळलेल्या पानांचा जाड थर, मधे मोकळ्या जागेत पाच-सहा तंबू, एक नळ आणि लांब कडेला पत्र्याची संडासं. रखवालदाराने आल्याआल्या आमचं सगळं खाणं, भांडी, अगदी कांदा चिरायची सुरीसुद्धा एका लोखंडी पेटीत ठेवायला लावली. माकडं आणि रानडुकरं वासावर येतात म्हणे. पेटीला नुसता खटका होता.

"कुलूप नाही?" ह्यांनी विचारलं.

"डुकराला खटका उघडता येत नाही," रखवालदार म्हणाला.

"आणि माणसाला?"

"माणसाला येतो. माणसासाठीच आहे तो." रखवालदाराने ह्यांच्याकडे जरा नीट बघून घेतलं.

शेजारच्या तंबूत एक निवृत्त कवायत मास्तर होते. गळ्यात शिट्टी. त्यांनी आमचा तंबू उभारताना खुंट्या कशा ठोकाव्यात, दोऱ्या कशा ताणाव्यात, श्वास कसा घ्यावा हे सगळं सांगितलं. फक्त हात लावला नाही. मी मनात त्यांचं नाव शिट्टीमास्तर ठेवलं.

तंबू चौघांना पुरेल असा होता. तळही कापडाचा, भिंतींना शिवलेला, म्हणजे खालून मुंगीसुद्धा येणार नाही. दार म्हणजे एक लांबलचक चेन, आणि ती ओढायला आतल्या बाजूला दोन पट्ट्या. दोन्ही पट्ट्यांना टोकाला भोक होतं. कुठे भोक दिसलं की ह्यांना तिथे कुलूप दिसतं. झोपायच्या वेळी ह्यांनी मोज्यातून पितळेचं एक बोटाएवढं कुलूप काढलं.

"बाबा, तुम्ही वचन दिलं होतं!" सूनबाई म्हणाली.

"हत्यारांचं दिलं होतं. कुलूप म्हणजे हत्यार नाही."

"पण बाबा, भिंती कापडाच्या आहेत," मुलगा म्हणाला.

"म्हणूनच दार तरी बंद पाहिजे."

हे कुलूप ह्यांनी स्वतः घडवलेलं. ते त्याच्या किल्लीशिवाय उघडत नाही, प्रत्यक्ष ह्यांनाही नाही, हे सांगताना ह्यांचा ऊर भरून आला. दोन्ही पट्ट्या जोडून ह्यांनी टक् करून कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि घोरायला लागले. कडेला सूनबाई टक्क जागी होती. उद्या दुपारच्या जेवणाला ती ह्यांना सांगणार होती. मला ते ठाऊक होतं म्हणून मीही कूस बदलत राहिले, आणि कधीतरी डोळा लागला.

सकाळी जाग आली ती कुणीतरी माझ्या अंगावरून रांगत गेल्यामुळे. उजाडलं होतं. हे गुडघ्यांवर होते आणि माझी उशी दाबून बघत होते.

"अहो, काय करताय?"

"काही नाही. व्यायाम."

ह्या माणसाने लग्नापासून केलेला व्यायाम म्हणजे सहा कुलपं. मी उठून बसले. ह्यांनी खिसा उलटा करून बाहेर ओढला होता. गुळगुळीत कापडाचा तो खिसा बाहेर लोंबत होता आणि ह्यांचा चेहरा त्या खिशासारखाच झाला होता. मला कळायचं ते कळलं. हसू फुटणार होतं, पण हे तो रिकामा खिसा पुन्हा पुन्हा चाचपताना दिसले आणि ते आतल्या आत विरलं.

तेवढ्यात चिरंजीव उठले. उठले ते थेट दाराशी. "बाबा, उघडा. मला जायचंय."

"जरा थांब."

"थांबण्यासारखं नाहीये बाबा!"

"मोठी माणसं थांबतात."

मग मुलाला सगळा प्रकार कळला. त्याने पांघरुणं झटकली, बूट उलटे केले, माझ्या चपलेतसुद्धा पाहिलं. सूनबाई मात्र गाढ झोपली होती. नर्सची झोप निराळी. ढोल वाजवा, उठणार नाही. पेशंट खोकला की ताडकन उभी राहील. मुलगा एका पायावर उभा राहिला, मग दुसऱ्या. मग त्याला राहवेना. "कुणी आहे का? आम्ही आत अडकलोय!" तो ओरडला.

झालं! सगळा डोंगर जमा झाला. खिडकीच्या जाळीला बाहेरून रखवालदाराचं नाक चिकटलं.

"काय झालं?"

"दार उघडत नाही," मी म्हणाले.

"बिघडलं?"

"कुलूप लावलंय."

"कोणी?"

"आम्हीच."

रखवालदाराने नाक जाळीवरून काढलं आणि पुन्हा चिकटवलं. त्याच्या मागे चूळ भरणारी माणसं, टॉवेल गुंडाळलेली माणसं. कुणीतरी विचारलं, "तंबूला कुलूप?" आणि ते पुढच्याने मागच्याला सांगितलं, मागच्याने त्याच्या मागच्याला. शिट्टीमास्तरांनी शिट्टी फुंकून सगळ्यांना चार पावलं मागे घेतलं आणि जाळीतून आत ओरडले, "घाबरू नका! दीर्घ श्वास!"

"श्वासाचा प्रश्न नाहीये!" माझा मुलगा कळवळून म्हणाला.

"कुलूपवाल्याला बोलवायचं का खालून?" एक बाई म्हणाल्या. "खाली शहरात आहे एक. जरा तिरसट आहे, पण हात चांगला आहे."

आत बसून ते ऐकताना ह्यांनी डोळे मिटून घेतले.

मला वाटतं, त्या क्षणी तरी देवाने मला जीभ आवरायची बुद्धी दिली. मी म्हणू शकले असते, अहो, हरवते कशी? पण नाही म्हणाले. हे तंबूच्या मधोमध गुडघ्यांवर बसले होते, केस उभे, खिसा बाहेर. ह्यांनी जन्मभर ज्या माणसाला काउंटरपलीकडे उभं केलं, तो माणूस आज हे स्वतःच झाले होते. आणि बाहेर काउंटर भरून माणसं होती.

"कापू का तंबू?" रखवालदाराने विचारलं. "नवाच आहे, पण कापतो."

"नाही!" हे ओरडले. "दार असताना भिंत फोडायची नाही!"

"मग किल्ली आणा!"

या गोंधळात केव्हातरी बाहेर कुणाला तरी ठसका लागला, आणि सूनबाई ताडकन उठून बसली. तिने एकदा ह्यांच्याकडे पाहिलं, एकदा बाहेर आलेल्या खिशाकडे, एकदा जाळीतल्या नाकाकडे. मग तिचा हात आपसूक कुडत्याच्या आतल्या खिशाकडे गेला. तिथे मला सेफ्टी पिनचं टोक दिसलं.

माझ्या लगेच लक्षात आलं. रात्री किल्ली ह्यांच्या खिशातून घसरून सतरंजीवर पडली असणार आणि सूनबाई जागी होती. वॉर्डात जे सापडेल ते पिनेला लावायचं ही तिची सवय. लावून झोपली असेल, सकाळी देऊ म्हणून. ही पोरगी आता ती किल्ली काढणार, सगळ्यांसमोर वर धरणार, आणि म्हणणार, बघा बाबा, कुणाची हरवली आणि कुणाकडे राहिली. मी तिच्या जागी असते तर शिट्टीमास्तरांची शिट्टी मागून घेऊन फुंकली असती. तिचा हक्कच होता तो. इतक्या दिवसांची रांग होती तिच्या खाती.

तिने पाण्याची बाटली घेण्यासाठी वाकल्यासारखं केलं. हात ह्यांच्या उशीखालून गेला आणि परत आला. मग ती दोन घोट पाणी प्यायली आणि म्हणाली, "बाबा, उशीखाली बघितलंत का?"

"तीनदा."

"एकदा परत बघा. पेशंटचा चष्मा नेहमी चौथ्यांदा सापडतो."

ह्यांनी उशी उचलली. किल्ली होती. ह्यांनी ती घाईने मुठीत धरली, आणि मग मूठ हळूच उघडली. मी ह्यांच्या तोंडाकडे बघत होते. डोंगरावरची पहाट, खालची जमीन गार, माझे पाय बर्फासारखे. तिथे रात्रभर पडलेली पितळेची किल्ली हाताला चटका देईल इतकी गार हवी. ह्यांचा जन्म किल्ल्या हाताळण्यात गेलाय. ही किल्ली उबदार होती.

ह्यांनी सूनबाईकडे पाहिलं. ती पांघरुणाची घडी घालत होती, जणू जगात घडीपलीकडे काही नाही.

"सापडली!" हे बाहेरच्यांना म्हणाले. टक् करून कुलूप उघडलं, चेन सर्रकन वर गेली आणि आमचा मुलगा बाणासारखा बाहेर पडून पत्र्याच्या दिशेने दिसेनासा झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. "काखेत कळसा आणि गावाला वळसा," शिट्टीमास्तर म्हणाले. ह्यांनी त्यांना उलट उत्तर दिलं नाही, तेव्हाच मला काळजी वाटायला लागली.

नळावर तोंड धुताना मी सुनेला गाठलं. "अगं, चांगली संधी होती. सगळ्यांसमोर द्यायचीस की!"

"आई," ती ब्रश तोंडातून काढत म्हणाली, "पेशंटला सगळ्यांसमोर बेडपॅन देत नाहीत. आधी पडदा ओढतात."

मला एवढं भरून आलं की मी तिच्या पाठीवर थाप मारली आणि तिच्या तोंडातली पेस्ट खाली सांडली. मग विचारलं, "आता वेगळ्या घराचं नाही ना सांगणार?"

"सांगणार. पडदा वेगळा, आजार वेगळा."

दुपारी ब्रेड, उकडलेली अंडी आणि बटाटे असं जेवण झाडाखाली मांडलं. तंबूचं दार सताड उघडं होतं. ह्यांनीच उघडं ठेवलं होतं. एक माकड आत जाऊन ह्यांच्या उशीवर बसून आलं, तरी हे काही बोलले नाहीत.

"बाबा," सूनबाई म्हणाली, "आम्ही वेगळं घर बघितलंय. उद्या हो म्हणून कळवायचंय."

मुलगा अंडं सोलायचा थांबला. मला वाटलं, आता ह्यांचा हात मशीनचं बटण शोधेल. पण डोंगरावर बटण नव्हतं. हे बटाट्यावर मीठ टाकत राहिले. खूपच टाकलं.

"कुलूप कसलं आहे दाराला?" ह्यांनी विचारलं.

"साधंच," मुलगा म्हणाला. "एकच."

"किल्ल्या?"

"दोन. एक याला, एक मला," सूनबाई म्हणाली.

"तुला एक?"

"मला एक."

ह्यांनी मान हलवली आणि तो खारट बटाटा सगळा खाल्ला. परतीच्या वाटेवर गाडीत मी मनात ह्यांना मला येतात तेवढ्या सगळ्या शिव्या घातल्या, आणि मग मलाच रडू आलं म्हणून खिडकीबाहेर बघत बसले.

घरी पोचलो. ह्यांनी सहा कुलपं उघडली, आम्हाला आत घेतलं आणि हे कपडेही न बदलता खाली गेले. रविवारी दुकान बंद असतं. तरी थोड्या वेळाने खालून मशीनचा आवाज यायला लागला. घ्या, मी म्हणाले, वाद संपला. सूनबाईने बॅगेतले कपडे काढले आणि ते दुसऱ्या, मोठ्या बॅगेत ठेवायला घेतले.

मशीन बराच वेळ चाललं. मग हे वर आले. दारातच उभे राहिले. हातात एक कडी होती आणि कडीत सहा नव्या कोऱ्या किल्ल्या. अजून घासल्याची धूळ त्यांच्यावर होती. ती ह्यांनी डुगडुगत्या टेबलावर सुनेसमोर ठेवली.

"तिकडे एकच मिळते," हे म्हणाले. "इथे सहा आहेत."

सूनबाईने किल्ल्यांकडे बघितलं, मग ह्यांच्याकडे. "आणि माझ्या हातून हरवल्या तर, बाबा?"

ह्यांनी चष्मा वर केला. सवयीने तोंड उघडलं. पण नेहमीचं वाक्य आलंच नाही.

"हरवल्या तर सांग," हे म्हणाले. "खाली दुकान आहे."

सगळी हयात आम्ही त्या दुकानाच्या डोक्यावर राहतोय, आणि ही गोष्ट ह्यांना त्या दिवशी सुचली. सूनबाईने कडी उचलून सवयीने सेफ्टी पिनला लावायचा प्रयत्न केला. पिन वाकडी झाली. ती हसली आणि हसतानाच तिने डोळे पुसले. मग मुलाला म्हणाली, "घरमालकाला फोन कर."

"काय सांगू?"

"सांग, किल्ली मिळाली."

सोमवारी दुपारी दुकानात गर्दी होती. सूनबाई ड्यूटीवरून आली आणि सवयीप्रमाणे रांगेत उभी राहिली. ह्यांनी मान वर न करता विचारलं, "तुझं काय अडलंय इथे?" ती जीभ चावून जिन्याकडे पळाली.

ह्यांनी मशीन बंद केलं. समोर एक गृहस्थ बोलायला तोंड उघडत होते, त्यांना बोटानेच थांबवलं. वर किल्ल्यांचा खुळखुळाट झाला. पहिलं कुलूप उघडलं. दुसरं उघडलं. मग नुसतीच खटखट.

"तिसरं उलटं फिरतं," हे पुटपुटले. "सांगायचं राहिलं."

"मग जा, उघडून द्या," मी म्हणाले.

हे उठले. जिन्याच्या पायरीपर्यंत गेले. तिथे कठडा घट्ट धरून उभे राहिले, आणि परत येऊन खुर्चीत बसले. वर पुन्हा खटखट, मग टक्. चौथं, पाचवं, सहावं. दार उघडल्याचा आवाज झाला आणि आमच्या डोक्यावर तिची पावलं स्वयंपाकघराकडे गेली.

ह्यांनी तेव्हा कुठे श्वास सोडला. मग समोरच्या गृहस्थांकडे वळून चष्मा वर केला.

"किल्ली हरवली हो," ते गृहस्थ मान खाली घालत म्हणाले. "कशी हरवली तेच कळत नाही."

"हरवते," आमचे हे म्हणाले, आणि त्यांच्याकडे स्टूल सरकवलं. "बसा."